पगाराची कमाल मर्यादा आणि खेळाडूची मोकळीक

खेळाडूला कामगार म्हणावे काय, हा प्रश्न पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. ज्याच्या नावाचा जयघोष हजारो प्रेक्षक करतात आणि ज्याला वर्षाला लाखो डॉलर मिळतात, तो आणि गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस यांना एका शब्दात कसे बसवावयाचे? आमचे उत्तर साधे आहे. जो आपली मेहनत ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याला विकतो, आणि त्या मेहनतीचा भाव एकट्याने ठरवण्याची ताकद ज्याच्यापाशी नसते, तो कामगार. पगाराच्या आकड्यावरून ही गोष्ट ठरत नाही. एका धन्याचे काम सोडून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक त्याला आहे की नाही, यावरून मात्र पुष्कळसे ठरते. या कसोटीवर ऑस्ट्रेलियातील एका खेळाची हकीगत आम्हाला फार बोलकी वाटते. तिच्यात धनी आहेत, संघटना आहे, संप आहे, न्यायालय आहे, महागाई भत्तासुद्धा आहे. म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगावयाची आहे.

हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मेलबर्न फुटबॉल क्लबच्या सभासदांनी १८५९ साली लिहून काढलेल्या नियमांपासून तो वाढत आला. क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर अठरा-अठरा खेळाडूंचे दोन संघ उतरतात. चेंडू लंबगोल असतो. तो लाथेने उडवता येतो, एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसता येतो, पण फेकता येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. १८९७ साली आठ क्लबांनी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने सुरू केले. १९९० साली तिचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले आणि २०१२ साली क्लबांची संख्या अठरावर गेली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बाजारपेठेत दोन दुकाने समोरासमोर असली, तर समोरचे दुकान बंद पडावे असे प्रत्येक दुकानदाराला वाटते. खेळाच्या धंद्यात तसे चालत नाही. समोरचा क्लब मेला तर सामना कोणाशी खेळावयाचा? आणि तो नुसता जिवंत राहून भागत नाही. तो तुल्यबळही असावा लागतो. निकाल आधीच ठाऊक असेल तर प्रेक्षक तिकीट कशाला काढील? श्रीमंत क्लबाने सगळे उत्तम खेळाडू विकत घेतले की थोड्याच वर्षांत खेळाचा रस संपतो. म्हणून क्लबांमध्ये काही समानता राखली पाहिजे, हा लीगचा युक्तिवाद खोटा नाही. प्रश्न एवढाच, की या समानतेची किंमत कोणी मोजावयाची?

पहिली पन्नास-साठ वर्षे ती किंमत जवळजवळ सगळी खेळाडूने मोजली. १९१५ पासून मेलबर्न शहराचे विभाग पाडून ते क्लबांना वाटून दिलेले होते. तुमचे घर ज्या विभागात, त्या क्लबाचे तुम्ही. १९६८ पासून खेड्यापाड्यांचेही असेच विभाग पडले. दुसऱ्या क्लबात जावयाचे तर आधीच्या क्लबाकडून क्लिअरन्स लागे. शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याखेरीज दुसऱ्या शाळेत नाव घालता येत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे दाखला देणे न देणे सर्वस्वी क्लबाच्या मर्जीवर होते. पगाराचेही तसेच. १९३० साली कूल्टर लॉ या नावाने ओळखला जाणारा नियम आला आणि खेळाडूला सामन्यामागे फार तर तीन पौंड द्यावेत असे ठरले. नामवंत असो की नवखा, मर्यादा सर्वांना एकच.

असे नियम आले की पळवाटाही येतात. त्याच १९३० च्या हंगामात हेडन बंटन या तरुण खेळाडूला, नियमाबाहेरचा मोबदला घेतल्याच्या कारणावरून, लीगने खेळू दिले नाही. पुढे याच बंटनला लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक तीन वेळा मिळाले. कॉलिंगवूड क्लबाच्या रॉन टॉडने १९३९ च्या हंगामात १२१ गोल केले आणि १९४० साली दाखल्याची वाट न पाहता तो प्रतिस्पर्धी संघटनेतील विल्यम्सटाउन क्लबाकडे निघून गेला. ज्याच्या पायात इतकी किमया, त्याला लीगच्या बाहेर पडल्याखेरीज आपला भाव मिळेना, यावरून त्या व्यवस्थेची कल्पना यावी.

१९७० साली ही कोंडी फुटू लागली. कॉलिंगवूडचा कर्णधार डेस टडनम आणि त्याचा सहकारी लेन थॉम्पसन यांनी अधिक मोबदल्यासाठी हंगामापूर्वी खेळण्यास नकार दिला. टडनमला कर्णधारपद गमवावे लागले. एसेंडन क्लबातही त्याच वर्षी पाच खेळाडूंनी काम थांबवले. त्यानंतर लीगने एक सवलत देऊन पाहिली. एकाच क्लबात दहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला दाखल्यावाचून दुसरीकडे जाता यावे, असा नियम तिने केला. परिणाम तत्काळ दिसला. १९७२ साली तळाला असलेल्या नॉर्थ मेलबर्न क्लबाने १९७३ साली बॅरी डेव्हिस, डग वेड आणि जॉन रँटल हे तीन जुने-जाणते खेळाडू तीन वेगवेगळ्या क्लबांतून आणले. हा तडाखा पाहताच लीगने नियम मागे घेतला. पण १९७५ साली नॉर्थ मेलबर्नने आपले पहिले अजिंक्यपद जिंकले तेव्हा कर्णधार होता तोच बॅरी डेव्हिस. मोकळीक दिली की दुबळा क्लबही वर येऊ शकतो, याचा हा पुरावा होता. खेळाडूंनीही त्यातून एक बोध घेतला: धन्याने एकतर्फी दिलेली सवलत धनी एकतर्फी काढूनही घेतो. १९७३ च्या अखेरीस खेळाडूंची संघटना स्थापन झाली.

न्यायालयांनीही या काळात मोठे काम केले. सिडनीत रग्बी लीग खेळणाऱ्या डेनिस टटी या खेळाडूला बाल्मेन क्लब सोडावयाचा होता. क्लब सोडीना, म्हणून १९६९ चा संपूर्ण हंगाम तो घरी बसला. नेमके त्याच वर्षी बाल्मेनने अजिंक्यपद जिंकले. १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने निकाल दिला, की करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणारे नियम म्हणजे त्याच्या उपजीविकेवर घातलेले अवाजवी बंधन आहे. फुटबॉल लीगवर असाच प्रसंग १९८३ साली आला. साउथ मेलबर्न क्लब १९८२ साली सिडनीला हलवण्यात आला होता. सिल्व्हियो फोस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्नच्या सेंट किल्डा क्लबाकडून खेळावयाचे होते. व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि लीगचे नियम अवाजवी ठरवले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. न्यायालय साखळी तोडू शकते. तिच्या जागी काय असावे ते न्यायालय लिहून देत नाही. जुनी बंधने कायद्यापुढे टिकेनात तेव्हा लीगने नवी घडी बसवली. १९८६ साली ड्राफ्ट सुरू झाला. ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू क्लबांनी पाळीपाळीने निवडण्याची पद्धत; हंगामात जो तळाला, त्याची पहिली पाळी. त्याच दशकात क्लबाच्या एकंदर पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. आपल्याकडे २००८ पासून आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या पिशवीला मर्यादा असते, हे वाचकांना ठाऊकच आहे, तत्त्व तेच. कूल्टर लॉमध्ये आणि या मर्यादेत मात्र मोठा फरक आहे. पूर्वी बंधन माणशी होते. आता ते एकंदर रकमेवर आले. शिवाय नुसती कमाल मर्यादा ठेवून भागले नाही. किमान मर्यादाही आली आणि कालांतराने ती कमाल मर्यादेच्या ९५ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे कोणा क्लबाला कंजूषपणा करून खेळाडूंच्या पैशावर बचत करता येऊ नये.

पण खेळाडूची मोकळीक अजून आलेली नव्हती. अठरा वर्षांचा मुलगा ड्राफ्टमध्ये निवडला गेला की आपला गाव, आपला क्लब निवडणे त्याच्या हाती राहत नसे. मेलबर्नच्या मुलाला २,७०० किलोमीटरवरच्या पर्थला जावे लागे. पुढे करार संपला तरी मनाजोग्या क्लबात जाण्यासाठी दोन क्लबांची अदलाबदल जमावी लागे, नाहीतर पुन्हा ड्राफ्टच्या हवाली व्हावे लागे. ही कोंडी संघटनेने वाटाघाटीने फोडली. २०१० साली लीग आणि संघटना यांच्यात समझोता झाला आणि २०१२ च्या हंगामाअखेर मुक्त खेळाडूंची पद्धत अमलात आली.

तिचे मूळ नियम समजावयास कठीण नाहीत. एका क्लबात आठ वर्षे झाली आणि करार संपला, की खेळाडू मुक्त होण्यास पात्र ठरतो. मात्र तो त्या क्लबातील सर्वाधिक पगाराच्या पहिल्या चतुर्थांशात असेल, तर त्याची मुक्तता सशर्त असते. दुसऱ्या क्लबाने देऊ केलेल्या रकमेची आणि मुदतीची बरोबरी आधीच्या क्लबाने केली, तर खेळाडूला तेथेच राहावे लागते, किंवा ड्राफ्टमध्ये उतरावे लागते, किंवा दोन क्लबांनी अदलाबदल ठरवावी लागते. जो त्या चतुर्थांशात नाही तो बिनशर्त मुक्त, आणि दहा वर्षे झालेला वरच्या पगाराचा खेळाडूही बिनशर्त मुक्त. क्लबाने स्वतःहून नाव काढून टाकलेला खेळाडू कोठेही जाऊ शकतो. मुक्त खेळाडू गेल्यामुळे ज्या क्लबाचे नुकसान होते, त्याला लीग ड्राफ्टमधील एक जादा पाळी भरपाई म्हणून देते. ही भरपाई गेलेल्या खेळाडूचे वय आणि नव्या कराराची रक्कम व मुदत पाहून ठरते.

आता डावपेचांकडे येऊ. हिशेबासाठी समजा, मर्यादा १०० रुपयांची आहे आणि खेळाडू ४० आहेत. सरासरी अडीच रुपये पडते. दोन नामवंत खेळाडूंना नऊ-नऊ रुपये दिले, तर उरलेल्या ३८ जणांसाठी ८२ रुपये उरतात. सरासरी २ रुपये १६ पैसे. कारखान्यात एका कुशल फिटरने पगार वाढवून घेतला तर तो पैसा मालकाच्या नफ्यातून येतो, असे आपण धरून चालतो. येथे तसे नाही. नामवंताचा वाढलेला रुपया शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूच्या ताटातून येतो. कमाल मर्यादेचे खरे मर्म आम्हाला येथे दिसते. धनी आणि कामगार यांच्यामधला तंटा ती कामगार आणि कामगार यांच्यामध्ये आणून ठेवते. म्हणूनच मर्यादेचा आकडा आणि तिच्या खालची किमान पातळी या दोन गोष्टींवर संघटनेचा हात असणे अत्यावश्यक आहे.

पैसा केव्हा द्यावयाचा यातही डाव असतो. पाच वर्षांचे २५ रुपये द्यावयाचे असतील, तर दरसाल पाच देता येतात. किंवा पहिल्या वर्षी सात, मग सहा, पाच, चार आणि तीन असेही देता येतात. संघ तरुण आणि स्वस्त असताना किमान मर्यादेपोटी पैसा खर्चावाच लागतो, तेव्हा शहाणा क्लब पुढचा बोजा आधीच फेडून ठेवतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी तीन आणि शेवटी सात, असे ठरवले तर आज विजयाची घाई भागते. पण उधारीवर किराणा भरणाऱ्या संसाराची गत पुढे होते. कॉलिंगवूडला २०२० साली हा अनुभव आला. पगाराची जुळणी होईना, तेव्हा अॅडम ट्रेलोर या खेळाडूला, अनेक वर्षांचा करार शिल्लक असताना, वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबाकडे धाडण्यात आले. आपली जाण्याची इच्छा नाही असे त्याने उघड सांगितले होते. त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच भरत राहिला. त्याच क्लबाने २०२० साली ब्रॉडी ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला होता. २०२२ अखेर तोही पगाराचा काही भार क्लबावर ठेवून मेलबर्न क्लबाकडे गेला. २०२३ साली कॉलिंगवूडने अजिंक्यपद जिंकले. क्लबाचा हिशेब बरोबर आला असे म्हणता येईल. पण लांब मुदतीचा करार म्हणजे स्थैर्य, ही खेळाडूची समजूत त्या हिशेबात कोठेच बसली नाही.

लांब मुदतीचा दुसरा उपयोग मुक्त खेळाडूंच्या बाबतीत दिसला. २०१३ अखेर हॉथॉर्न क्लबाचा लान्स फ्रँकलिन सशर्त मुक्त होता. सिडनीने त्याला नऊ वर्षांसाठी सुमारे एक कोटी डॉलर देऊ केले. तो वयाच्या सत्ताविशीत होता. इतक्या मुदतीची बरोबरी करण्याचे हॉथॉर्नने नाकारले. सिडनीनेही मोठी जोखीम पत्करली होती, कारण तो आधी निवृत्त झाला असता तरी उरलेली रक्कम मर्यादेत धरली जाणार होती. फ्रँकलिन २०२३ पर्यंत खेळला आणि २०२२ साली त्याने हजारावा गोल केला; परंतु सिडनीला त्याच्या काळात अजिंक्यपद मिळाले नाही.

भरपाईचे गणितही पाहण्यासारखे आहे. फ्रँकलिनसारखा खेळाडू गेला तरी हॉथॉर्नला एकोणिसावी पाळी मिळाली, कारण तो त्या वर्षीचा विजेता होता आणि पाळी क्लबाच्या स्थानाला जोडलेली होती. २०१४ साली मेलबर्नचा जेम्स फ्रॉली हॉथॉर्नला गेला आणि तळाकडच्या मेलबर्नला तिसरी पाळी मिळाली. २०१८ साली गोल्ड कोस्टचा टॉम लिंच रिचमंडला गेला, तेव्हाही भरपाई तिसऱ्या पाळीची. अशा वेळी दुबळ्या क्लबाला बरोबरी करण्यापेक्षा खेळाडू जाऊ देणेच परवडते. उलट २०१५ साली अॅडिलेडने पॅट्रिक डेंजरफील्डच्या बाबतीत बरोबरीची तयारी दाखवली, म्हणून जिलाँग क्लबाला पाळ्या आणि एक खेळाडू देऊन अदलाबदल करावी लागली. २०२० साली जेरेमी कॅमरनसाठीही जिलाँगला पहिल्या फेरीतील तीन पाळ्या मोजाव्या लागल्या. बरोबरीचा हक्क हा असा सौदा वाढवून घेण्याचे हत्यार बनतो.

मर्यादा आली की तिच्याखालून हात घालणारेही आले. २००२ साली कार्लटन या जुन्या, बलाढ्य क्लबाने गुप्तपणे जादा रकमा दिल्याचे उघड झाले. ९,३०,००० डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधील पहिल्या पाळ्या गेल्या. त्या हंगामात कार्लटन तळाला होता; पहिला खेळाडू निवडण्याचा त्याचा हक्क गेला आणि तो खेळाडू, ब्रेंडन गॉडर्ड, सेंट किल्डाकडे गेला. दहा वर्षांनी, २०१२ साली, नव्या नियमाखाली क्लब बदलणाऱ्या पहिल्या मोठ्या नावांत हाच गॉडर्ड होता; तो एसेंडनला गेला. २०१२ सालीच अॅडिलेड क्लबाला कर्ट टिपेटच्या करारातील लपवाछपवीबद्दल ३,००,००० डॉलर दंड झाला. तेथे खेळाडूलाही सामन्यांबाहेर बसावे लागले आणि व्यवस्थापकालाही निलंबन सोसावे लागले.

आता महागाई भत्त्याची हकीगत. सिडनीत घरभाडे भारी, म्हणून तेथील खेळाडूंना मर्यादेवर सुमारे दहा टक्के भत्ता मिळे. फ्रँकलिन आल्यावर इतर क्लबांनी ओरड केली, की या भत्त्याच्या जोरावरच सिडनी बडे खेळाडू विकत घेते. २०१४ साली लीगने भत्ता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि तो पुरता सोडीपर्यंत सिडनीला इतर क्लबांचे खेळाडू अदलाबदलीने घेण्यास मनाई केली. पुढे कमी पगाराच्या खेळाडूंना घरभाड्याची मदत देण्याची सोय झाली, आणि ती मुळातच अधिक न्याय्य होती. भत्ता हा ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याच्यासाठी असावा. सरसकट टक्क्यांनी दिला की त्याचा मोठा घास सर्वांत मोठ्या पगाराकडे जातो. हा धडा आमच्याकडील पगारवाढीच्या वाटाघाटींतही वारंवार समोर येतो.

मग या व्यवस्थेचा एकंदर निवाडा काय करावयाचा? क्लबांच्या समानतेच्या दृष्टीने फळ आले आहे. वेस्टर्न बुलडॉग्जने २०१६ साली ६२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवले, रिचमंडने २०१७ साली ३७ वर्षांनी, मेलबर्नने २०२१ साली ५७ वर्षांनी. मर्यादा नसती तर यांपैकी काहींचे दिवे कधीच मालवले असते. गरिबीने जेर झालेला फिट्झरॉय हा जुना क्लब १९९६ साली ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला, ही आठवण तेथे अजून ताजी आहे.

खेळाडूच्या दृष्टीने मात्र जमाखर्च अजून पुरता जुळलेला नाही. आठ वर्षांची अट ऐकावयास सौम्य वाटते. पण हा खेळ अंगाचा चुराडा करणारा आहे, आणि बहुतेक खेळाडूंची कारकीर्द आठ वर्षांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे मोकळिकीचे दार उघडे आहे, परंतु त्या दारापर्यंत चालत येणारे थोडे. ज्याच्या गुडघ्याने चौथ्या वर्षी दगा दिला, त्याच्यासाठी हा नियम कागदावरच राहतो. फ्रँकलिनच्या कोटीची बातमी होते; या मुलाची होत नाही. संघटनेची खरी परीक्षा त्याच्या बाबतीत आहे: किमान पगार, दुखापतीनंतरची काळजी, खेळ सोडल्यावरची सोय. २०२३ साली झालेला पाच वर्षांचा करार पुरुष आणि महिला खेळाडूंचा पहिलाच एकत्रित करार होता, आणि त्याची एकंदर रक्कम सुमारे २२० कोटी डॉलर होती. २०१७ साली सुरू झालेल्या महिला लीगच्या खेळाडूंना पुरुषांच्याच मेजावर बसवले गेले, ही आम्हाला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पगारावर धन्यांनी मिळून मर्यादा घालावी, ही गोष्ट एरव्ही कोणताही कामगार मान्य करणार नाही, आणि करूही नये. ती सुसह्य होते केवळ एका अटीवर. त्या मर्यादेखाली कामगारांच्या संघटनेची सही असली पाहिजे, आणि त्या सहीच्या बदल्यात किमान पातळीची हमी व बाहेर पडण्याची वाट पदरात पडली पाहिजे. १९३० च्या तीन पौंडांच्या नियमावर अशी सही नव्हती. तो हुकूम होता. २०१० च्या समझोत्यावर ती होती; म्हणून तो करार झाला. टटीने एक हंगाम घरी बसून आणि फोस्किनीने न्यायालयात उभे राहून दार ठोठावले, त्यांचे उपकार मोठे. पण दाराला बिजागरी बसवून ते रोजच्या वापराचे करण्याचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. ते संघटनेचे होते, आणि आठ वर्षांचा उंबरठा खाली आणण्याचे कामही तिलाच करावयाचे आहे.